कुंदामावशींचा चढा आवाज

कुंदामावशी म्हटलं की मला आधी ऐकू येतात त्या गोळ्या. निळ्या तबकावर ओतल्या जाणाऱ्या, पातळ पट्टीच्या एका फटकाऱ्यासरशी पाच-पाचांनी बाजूला सरकणाऱ्या पांढऱ्या गोळ्यांचा तो कोरडा, नाजूक ध्वनी, आणि त्याच्यावर चढणारा मावशींचा नागपुरी स्वर, ज्याला हलकं होणं कधी जमलंच नाही. अमेरिकेतल्या कॅरी गावच्या त्या फार्मसीत बारा महिने एकच ऋतू नांदत असे: थंड हवा, पांढराशुभ्र उजेड आणि कागदी पिशव्यांची अखंड सळसळ. बाहेर मात्र वर्ष आपल्या गतीने फिरत राही. वसंतात पाइनच्या झाडांचा पिवळा पराग गाड्यांवर, पायऱ्यांवर, मुलांच्या सायकलींवर साचायचा. भर उन्हाळ्यात झाडाझाडांतल्या किड्यांच्या किर्र आवाजाने दुपारी जड व्हायच्या. या सगळ्या ऋतूंतून मावशी पांढरा कोट घालून, कपाळावर रुपयाएवढं कुंकू लावून, काउंटरमागे ताठ उभ्या असत. पासष्टीच्या घरात आलेली ती उंच, सावळी बाई कधी टेकून उभी राहिलेली मला आठवत नाही.

आमच्या मराठी मंडळातल्या बायका त्या काउंटरपाशी आल्या की त्यांचा आवाज आपोआप उतरायचा. पुण्या-मुंबईच्या, नागपूरच्या इंजिनीअर झालेल्या, ऑफिसातल्या मीटिंगमध्ये भल्याभल्यांना गप्प बसवणाऱ्या बायका. पण महिन्याच्या गोळ्यांची रिफिल न्यायला आल्या की त्यांची नजर जमिनीवर आणि शब्द घशात. "मावशी, माझं ते आलंय का?" असं काहीतरी पुटपुटायच्या. मावशी चष्म्यावरून बघायच्या.

"ते म्हणजे काय बाप्पा? बीपीच्या गोळीले कोणी 'ते' म्हणते का? गर्भनिरोधक गोळी आहे. नाव आहे तिला."

दुसऱ्याच्या कानावर जाऊ नये म्हणून त्या तुम्हाला बाजूच्या खिडकीशी नेत, आजूबाजूला कुणी नाही ना ते पाहत. पण तिथेही कुजबुजत नसत. खासगी असणं वेगळं आणि लाजिरवाणं असणं वेगळं, हा भेद त्यांनी आयुष्यभर पाळला, आणि आमच्या आयांनी आम्हाला तो कधी शिकवलाच नव्हता. आमच्या घरांत दोन्हींसाठी एकच चेहरा होता, खाली घातलेला. मला आज त्या खाली घातलेल्या चेहऱ्याचा राग येतो, माझ्या स्वतःच्याही.

आणि गंमत पाहा. याच आम्ही बायका श्रावण सरत आला की अगदी बिनदिक्कत होत असू. गौरी-गणपतीची तारीख आणि आपली तारीख जुळते आहे असं दिसलं, की पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या कुणाकडे आहेत, हे मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चारचौघींत विचारलं जाई. कुणाची आई भारतातून येताना आणायची, कुणाची नणंद. ती पाकिटं प्रसादासारखी या घरातून त्या घरात फिरत. देवासाठी शरीर थांबवायला कुणाची हरकत नव्हती, सासरची नव्हती, माहेरची नव्हती. स्वतःसाठी थांबवायचं म्हटलं की मात्र तो निसर्गावर घाला व्हायचा. मावशींना या विसंगतीचा इतका संताप येई, की दर भाद्रपदात त्यांचं कुंकूसुद्धा जास्त लाल दिसायचं, असं मला वाटे.

त्यांना स्वतःला मूल नव्हतं. ही गोष्ट आमच्या समाजात त्यांच्या नावाआधी सांगितली जाई, सुस्कारा टाकून. वसंतकाका, त्यांचे यजमान, अबोल, सौम्य, बागेत रमणारे गृहस्थ. नॉर्थ कॅरोलिनाच्या तांबड्या मातीत ते हट्टाने कर्दळ आणि अंबाडी लावत, आणि मावशी नागपूरच्या काळ्या मातीची आठवण काढून त्या तांबड्या मातीला नावं ठेवत. त्या दोघांकडे पाहून बायका हळहळायच्या. हळदीकुंकवाला एखादी नवखी, भाबडी मुलगी त्यांचा हात हातात घेऊन म्हणायची, "देवाने द्यायला हवं होतं हो तुम्हाला." मावशी हात सोडवून घेत नसत. उलट तिच्या हातावर थोपटत आणि सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणत, "देव देत होता ना. मीच घेतलं नाही."

मग जी शांतता पसरे, ती मला फार आवडायची. त्या शांततेत लोक कारण शोधत असत. काही दुखणं असेल, काकांच्यात दोष असेल, काहीतरी दुःख असेल, ज्यावर आपल्याला दयेचं पांघरूण घालता येईल. मावशी ते पांघरूण कुणाला घालू देत नसत. त्यांना मूल नको होतं, काकांना मुलाशिवाय चालणार होतं, आणि दोघं सुखात होती. इतकी उघडी, इतकी साधी गोष्ट पचवणं आमच्या मंडळाला जड जाई. त्यांनी सुखी असणं हाच जणू त्यांचा अपराध होता.

माझ्या मुलीच्या, इराच्या जन्माच्या वेळी मी जवळजवळ गेले होते. वार गर्भाशयाला चिकटून बसली होती, रक्त थांबेना, बाटल्यांवर बाटल्या चढत होत्या आणि छताचे दिवे माझ्यापासून लांब लांब जात होते, एवढंच मला स्मरतं. वाचले. डॉक्टरीणबाईंनी पलंगाच्या कडेला बसून स्पष्ट सांगितलं, की पुन्हा दिवस राहिले तर हेच, किंवा याहून वाईट होऊ शकतं. मावशी आळिवाची खीर घेऊन इस्पितळात आल्या होत्या, त्यांनीही ते ऐकलं. निखिलने, माझ्या नवऱ्याने, साताऱ्याला व्हिडिओ कॉल करून आईला सांगितलं, "सगळं छान झालं. नॉर्मल. दोघी मस्त आहेत." परदेशात राहणाऱ्या आमच्या पिढीचं हे एक व्रतच आहे. इथलं कुठलंही दुखणं समुद्र ओलांडू द्यायचं नाही. नोकरी गेली तरी छान, ताप असला तरी छान. आईला उगाच काळजी कशाला, या एका वाक्याखाली आम्ही कितीतरी मोठी सत्यं झाकून ठेवलेली असतात.

इरा तीन वर्षांची झाली तेव्हा सासूबाई गौरींसाठी आल्या. उत्साहाने भरलेल्या, प्रेमळ. बॅगेतून मुखवटे, चिरोटे, माझ्यासाठी काठापदराची साडी, आणि पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या. माझी तारीख त्यांनी फोनवर आधीच विचारून घेतली होती. ते पाकीट देवघरापाशी, कुंकवाच्या कोयरीशेजारी उघड्यावर ठेवलं गेलं. माझ्या रोजच्या गोळ्यांचं पाकीट मात्र त्या आल्या त्या दिवसापासून रव्याच्या डब्यामागे दडलं होतं, कारण "दुसरं कधी?" हा प्रश्न विमानतळावरच विचारून झाला होता. आणि मग मी ठरवलं, की एका वेळी दोन-दोन कशाला. पाळी थांबवते ती गोळी दिवसही थांबवणारच. मी रोजची गोळी बंद केली आणि गौरींची सुरू केली. संगणकाच्या मोठमोठ्या यंत्रणा सांभाळणारी मी, माझ्या स्वतःच्या देहाबद्दल इतकं अंदाजाने वागले, कारण कुणाला विचारायचं तर तोंड उघडावं लागलं असतं.

गौरी जेवल्या त्या संध्याकाळी मावशी हळदीकुंकवाला आल्या. खिडकीतून तिरपं, मऊ, मधाच्या रंगाचं ऊन मुखवट्यांवर पडलं होतं. पुरणाचा आणि केवड्याचा वास घरभर होता. कुंकू लावून घ्यायला वाकलेल्या मावशींची नजर कोयरीशेजारी गेली आणि तिथेच थांबली. त्यांनी मला दंडाला धरून स्वयंपाकघरात आणलं.

"हे कोण घेऊन राहिलं?"

"मीच. गौरीत यायची होती ना. आईंनी आणल्यात."

"आणि तुझी रोजची?"

"ती स्टॉप केलीये आठवडाभर. म्हटलं दोन्ही एकदम नकोत."

मावशींच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलेलं मी त्या एकदाच पाहिलं. "अगं पोरी," त्या म्हणाल्या, "ही गोळी पाळी ढकलते. दिवस राहू देणार नाही असा तिचा भरवसा नाही. आणि तुले तिची गरजच नव्हती. तुझीच गोळी मध्ये खंड न पाडता घेतली असतीस तरी पाळी पुढे गेली असती." मग त्यांनी जे विचारायचं ते विचारलं, की आम्ही नवराबायको या आठवड्यात जवळ आलो होतो का. मी मान हलवली. हो. निर्धास्तपणे. बाहेर बायका आरतीची तयारी करत होत्या आणि मला पुन्हा ते छताचे दिवे लांब जाताना दिसायला लागले.

"रडायचं नाही," मावशी म्हणाल्या. "उशीर नाही झाला. उद्या सकाळी तुझ्या डॉक्टरकडे. तांबी बसवतील. या आठवड्यातल्या चुकीवरही चालेल आणि पुढच्या कितीतरी वर्षांसाठीही. मी येते सोबत."

ते दिवसच असे होते, की "उशीर" हा शब्द ऐकला तरी धसका बसायचा. देशभर गर्भपाताचे कायदे बदलत होते. एका राज्यात बाईच्या हातात जे होतं ते हद्द ओलांडली की नसायचं, आणि आमच्याकडेही मुदती आखडत चालल्या होत्या. कुठेकुठे आपल्या विवेकाला पटत नाही म्हणून गोळी द्यायलाच नकार देणारे दुकानदार असल्याचं कानावर येई. मावशी त्यावर म्हणायच्या, "विवेक मलेही आहे. माझ्या विवेकाले पटते." आणि निळ्या तबकावर पुढच्या गोळ्या ओतायच्या. त्या संध्याकाळपर्यंत मला ते सगळं बातम्यांतलं, दुसऱ्या कुणाचं वाटत होतं.

आम्ही बाहेर आलो तेव्हा सासूबाई तबकात तांदूळ, नारळ, खण घेऊन माझी वाट पाहत होत्या. गौरींसमोर माझी ओटी भरायची होती. मी पाटावर बसले, पदर पसरला. त्यांनी ओंजळभर तांदूळ घेतले आणि म्हणाल्या, "पुढच्या गौरींना मांडीवर दुसरं असू दे गं बाई." सगळ्या बायका एकसुरात हो हो म्हणाल्या. किती सहज, किती प्रेमाने. माझं मरण माझ्याच पदरात घातलं जात होतं आणि कुणाच्या मनात काडीचं वाईट नव्हतं.

"थांबा वहिनी," मावशींचा आवाज आला. तो चढाच होता, नेहमीसारखा. सगळ्यांनी माना वळवल्या. मला वाटलं, आता त्या सगळं सांगून टाकणार. पण त्या माझ्याकडे पाहत होत्या. "इराच्या वेळी काय झालं ते आईंना ठाऊक आहे?" त्यांनी मला विचारलं. "तू सांगतेस का? तुझं आहे ते. तूच सांगायचं." आणि गप्प राहिल्या. आयुष्यभर कधी न उतरलेला तो आवाज माझ्यासाठी जागा करून बाजूला उभा राहिला.

मी सांगितलं. पाटावर बसूनच, पदर तसाच पसरलेला. रक्ताचं सांगितलं, डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते सांगितलं, रव्याच्या डब्यामागच्या पाकिटाचं सांगितलं, या आठवड्यात केलेल्या घोळाचं सांगितलं. माझा आवाज सुरुवातीला चिरकत होता, मग स्थिर झाला. "आई, मला दुसरं मूल नकोय," मी म्हणाले. "आणि डॉक्टरांनी नाही म्हटलं नसतं, तरी तो निर्णय माझाच असता." हे शेवटचं वाक्य कुठून आलं मला कळलं नाही. कुणीतरी घसा खाकरला. एक काकू उठून पाणी प्यायला गेल्या. इरा आतून ओरडली, "मम्मा, आय वॉन्ट पुरणपोळी!"

सासूबाईंच्या ओंजळीतून तांदूळ निसटत होते. "निखिल तर नॉर्मल म्हणाला होता," त्या म्हणाल्या. मग निखिलकडे बघितलं, आणि दाराशी उभा असलेला माझा नवरा लहान मुलासारखा ओशाळा झाला. सासूबाईंनी सांडलेले तांदूळ गोळा केले, पुन्हा ओंजळ भरली आणि माझ्या पदरात घातली.

"ओटी तर मी भरणारच," त्या म्हणाल्या. "तुझ्यासाठी भरते. तू राहा." आणि कपाळाला कुंकू लावताना हलकेच, "उद्या दवाखान्यात जा. गौरींना निरोप मी देते."

दुसऱ्या दिवशी मावशींच्या जुन्या, कुरकुरणाऱ्या गाडीतून आम्ही गेलो. रस्त्याकडेची क्रेप मर्टलची झाडं गुलाबी फुलांनी लगडलेली होती. मावशी मंडळाच्या नाटकातल्या चुका सांगत होत्या, जणू आम्ही भाजी आणायला निघालो आहोत. घरी गौरी जात होत्या आणि मी तांबी बसवून घेत होते. दोन्ही गोष्टी एकाच सकाळी झाल्या आणि कुठलीही दुसरीला बाटवून गेली नाही. पुढचे काही दिवस मी धास्तीत काढले. मग पाळी आली, आणि मी न्हाणीघरात भिंतीला टेकून मोठ्याने हसले.

त्यानंतर आमच्यात काहीतरी बदललं. एकदम नाही, सगळ्यांत नाही. मंडळाच्या कमिटीतल्या दोघी-तिघींनी मावशींना पुढच्या हळदीकुंकवाला "असले विषय नकोत" असा निरोप धाडला. मावशींनी त्यांना उलट विचारलं, की मग ओटी कसली भरता, तो विषय कुठून येतो? पण काउंटरपाशी आवाज चढू लागले. एकीने स्वतःहून नाव घेऊन गोळी मागितली. एकीचा नवरा तिची गोळी न्यायला आला आणि खाली न बघता आला. ज्या मुली अजून शिकत होत्या त्या शिकल्या. ज्यांना दोन मुलांत अंतर हवं होतं त्यांनी ते ठेवलं. ज्यांना मूल हवं होतं त्यांना ते हव्या त्या वेळी झालं, आणि त्यांच्या बारशाला मावशी सगळ्यांत आधी हजर असत, सगळ्यांत मोठ्याने नाव घेत. मूल नको म्हणणाऱ्या बाईला मुलं आवडत नसणार, हा समज बाळगणाऱ्यांनी मावशींच्या मांडीवरची इरा पाहायला हवी होती.

वसंतकाका गेल्यावरही मावशी कुंकू लावून हळदीकुंकवाला येत राहिल्या. कुणी काही म्हटलं नाही. म्हणायची छाती नव्हती असं नव्हे. बहुधा तोवर त्या कुणाची लाज उसनी घेत नाहीत हे सगळ्यांना कळलं होतं.

त्या गेल्या तेव्हा मार्च संपत आला होता. हृदय थांबलं, झोपेत. अंत्यविधीच्या त्या गालिचा घातलेल्या, मंद दिव्यांच्या दालनात एवढी माणसं जमली की खुर्च्या पुरल्या नाहीत. दारातून येणाऱ्या प्रत्येकाच्या बुटांबरोबर पिवळा पराग आत येत होता आणि गालिच्यावर पावलं उमटत होती. मावशींच्या अंगावर हिरवी साडी होती आणि चेहरा असा, की आता कुणालातरी दुरुस्त करतील. गुरुजींनी हळू विचारलं, अग्नी कोण देणार? दाहिनीचं बटण कोण दाबणार? माणसं एकमेकांकडे बघू लागली. माझ्या मागच्या रांगेतून एक सुस्कारा आला आणि त्याच्यामागून शब्द, हळहळीचे, गोड, वर्षानुवर्षं मुरलेले: "बिचाऱ्या. मागे कोणी नाही हो त्यांच्या."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. त्या दालनात ज्या बायका उभ्या होत्या, त्यांच्यातल्या कितीजणी आज श्वास घेत होत्या, शिकल्या होत्या, आपल्या मर्जीने आई झाल्या होत्या किंवा आपल्या मर्जीने झाल्या नव्हत्या! आणि हे सगळं डोळ्यांपुढे उभं असताना कुणालातरी तिथे रिकामी जागा दिसत होती. मी मागे वळले.

"आहे ना," मी म्हणाले. "मी आहे."

मी पुढे गेले. इरा माझ्याबरोबर चालू लागली, तिला कुणी सांगितलं नव्हतं. साताऱ्याला सासूबाईंना मी व्हिडिओ कॉल लावला होता, त्या पडद्यावरून म्हणाल्या, "हो, तूच दे." आणि मी मावशींना अग्नी दिला.

माणूस गेलं की जग त्याच्या मागे उरलेली मुलं मोजतं. पण काळाजवळ आणखी एक हिशेब असतो, न आलेल्या मरणांचा, आणि त्या हिशेबात माझं हे उरलेलं सगळं आयुष्य कुंदामावशींच्या मागे राहिलेलं आहे.